वैद्यकीय महाविद्यालय प्रवेशप्रक्रिया (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एम.डी. आणि डी.ओ. या पदव्यांच्या अभ्यासक्रमांसाठी विद्यार्थी निवडण्याची जी पद्धत आहे, तिला एकत्रितपणे वैद्यकीय महाविद्यालय प्रवेशप्रक्रिया असे म्हणतात. एका प्रवेशवर्षाचे चक्र साधारणपणे मे महिन्यात अर्ज भरण्यापासून सुरू होते आणि पुढील वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये, प्रत्यक्ष वर्ग सुरू होईपर्यंत, चालते. म्हणजे अर्जदाराला एका निर्णयासाठी चौदा-पंधरा महिनेही थांबावे लागू शकते. भारतात एम.डी. ही पदव्युत्तर पदवी आहे. अमेरिकेत मात्र ती वैद्यकाची पहिली पदवी असून सामान्यतः चार वर्षांचे पदवीशिक्षण पूर्ण केल्यावर तिच्यासाठी अर्ज करता येतो. एम.डी. अथवा डी.ओ. झाल्यावर कोणत्याही विशेषज्ञतेत स्वतंत्रपणे व्यवसाय करण्यासाठी रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातील निवासी प्रशिक्षण, आवश्यक असते. त्यामुळे प्रवेशाचा निर्णय हाती येण्यापूर्वीच अर्जदार पुढील रेसिडेन्सीच्या शक्यतांचा हिशेब करू लागतो. या दोन टप्प्यांची व्यवस्था एकमेकींहून अगदी भिन्न तत्त्वांवर उभी आहे.

२०२३ साली एम.डी. महाविद्यालयांसाठी सुमारे ५२,५०० जणांनी अर्ज केले आणि त्यांपैकी सुमारे २३,००० जणांनी प्रवेश घेतला. याचा अर्थ निम्म्याहून अधिक अर्जदारांना त्या वर्षी एकाही एम.डी. महाविद्यालयात जागा मिळाली नाही.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील बहुसंख्य वैद्यकीय शाळा खासगी मालकीच्या होत्या आणि शुल्क भरू शकणाऱ्या जवळपास कोणालाही तेथे प्रवेश मिळे. १८९३ साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने प्रवेशासाठी पदवीची अट घातली, ती त्या काळी अपवादात्मक होती. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल प्रसिद्ध झाल्यानंतर अनेक निकृष्ट शाळा बंद पडल्या किंवा इतरांत विलीन झाल्या. जागा कमी झाल्या, अर्जदार वाढले आणि 'निवड' हा प्रश्न प्रथमच खऱ्या अर्थाने उभा राहिला. फ्लेक्सनर यांच्या निकषांमुळे कृष्णवर्णीयांसाठीच्या बहुतेक वैद्यकीय शाळाही बंद झाल्या. या परिणामाची चर्चा पुढे दीर्घकाळ चालू राहिली.

पहिल्या एक-दोन वर्षांतच शिक्षण सोडणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे होते. ते कमी करण्यासाठी १९२८ मध्ये एक सामायिक चाचणी तयार करण्यात आली. आजची एमकॅट ही परीक्षा तिचीच वंशज होय. २०१५ पासून एमकॅटचे गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात दिले जातात आणि पट्ट्याचा मध्य ५०० हा असतो. जीवशास्त्र, रसायन व भौतिकशास्त्र, मानसशास्त्र-समाजशास्त्र आणि वाचन-आकलन असे चार विभाग असून प्रत्येकात ११८ ते १३२ गुण मिळू शकतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्यू अर्जदार व स्त्रिया यांच्या संख्येवर अनेक महाविद्यालयांनी अलिखित मर्यादा घातल्या होत्या. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर स्त्रियांचे प्रमाण झपाट्याने वाढले आणि २०१९ मध्ये एम.डी. अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांत त्या प्रथमच निम्म्याहून अधिक झाल्या. वंशाधारित निवडीवरील अमेरिकेतील सर्वांत गाजलेला खटलाही वैद्यकीय प्रवेशातूनच निर्माण झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी राखून ठेवल्या होत्या. ॲलन बाकी यांना तेथे दोनदा नकार मिळाल्यावर ते न्यायालयात गेले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरावीक कोटा अवैध ठरवला. मात्र अनेक घटकांपैकी एक म्हणून वंशाचा विचार करण्यास मुभा ठेवली. बाकी यांना प्रवेश मिळाला आणि ते १९८२ मध्ये पदवीधर झाले. ही मुभा २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यातील निकालाने जवळजवळ संपुष्टात आली.

अर्जाची यंत्रणा

एम.डी. महाविद्यालयांसाठी अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेची (ए.ए.एम.सी.) 'ॲमकॅस' ही मध्यवर्ती अर्जसेवा आहे. डी.ओ. महाविद्यालयांसाठी वेगळी सेवा आहे आणि टेक्सास राज्यातील सार्वजनिक महाविद्यालयांसाठी आणखी एक. मध्यवर्ती अर्जात गुणपत्रके, एमकॅटचे गुण, अनुभवांची यादी, शिफारसपत्रे आणि एक वैयक्तिक निवेदन असते. ॲमकॅसमध्ये अर्जाची छाननी होऊन तो जूनच्या अखेरीपासून महाविद्यालयांकडे जाऊ लागतो. त्यानंतर प्रत्येक महाविद्यालय आपल्या प्रश्नांचा स्वतंत्र दुय्यम अर्ज पाठवते आणि त्याचे शुल्क वेगळे घेते. वीस-पंचवीस महाविद्यालयांना अर्ज करणाऱ्यास उन्हाळ्यात काही आठवड्यांत शंभरच्या आसपास लहानमोठे निबंध लिहावे लागतात. प्रवेशप्रक्रियेचा खर्च कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना जड जातो. त्यासाठी शुल्कसवलतीची योजना आहे; परंतु परीक्षेच्या तयारीचा आणि कामावरून घ्यावयाच्या सुट्यांचा खर्च तिच्यात येत नाही.

यानंतर निवडक अर्जदारांना मुलाखतीस बोलावले जाते. मुलाखत एका प्राध्यापकाशी पाऊण तास गप्पा, अशी असू शकते किंवा 'बहु-लघुमुलाखत' पद्धतीची असू शकते. या दुसऱ्या पद्धतीत अर्जदार ठरावीक मिनिटांनी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो आणि प्रत्येक ठिकाणी त्याला नवा प्रसंग दिला जातो. तिचा उगम कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात झाला. कोविड-१९ च्या साथीनंतर बहुतेक मुलाखती संगणकाच्या पडद्यावर होऊ लागल्या आणि पुष्कळ ठिकाणी ती पद्धत टिकून राहिली.

सार्वजनिक महाविद्यालये आपल्या राज्यातील रहिवाशांना मोठे प्राधान्य देतात. टेक्सासमध्ये राज्याबाहेरील विद्यार्थ्यांसाठी दहा टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे अर्जदाराचे घर कोणत्या राज्यात आहे, यावर त्याची संधी बरीच अवलंबून असते. गुणवत्तेच्या चर्चेत हा भाग अनेकदा नजरेआड होतो.

प्रतीक्षेचा काळ

बहुतेक महाविद्यालये 'येतील तसे' अर्ज तपासतात आणि जागाही तशाच देत जातात. एम.डी. महाविद्यालयांनी लवकर-निर्णय योजना वगळता १५ ऑक्टोबरपूर्वी प्रवेश देऊ नये असा संकेत आहे. त्या दिवशी पहिल्या प्रवेशपत्रांची लाट येते. त्यानंतर मुलाखत दिलेल्या अर्जदाराला चारपैकी एक उत्तर मिळते: प्रवेश, नकार, प्रतीक्षायादी किंवा 'निर्णय स्थगित'. पाचवी शक्यता कोणत्याही नियमात लिहिलेली नाही. परंतु ती सर्वांत जास्त आढळते. ती म्हणजे काहीच उत्तर न येणे. मुलाखतीचे आमंत्रण न आलेल्या अर्जाबाबत काही महाविद्यालये नकारही कळवत नाहीत, किंवा वसंत ऋतूच्या अखेरीस कळवतात.

विलंबाचे मुख्य कारण व्यवस्थेतच आहे. एका अर्जदाराला एकाहून अधिक ठिकाणी प्रवेश मिळू शकतो आणि त्या सर्व जागा तो काही महिने धरून ठेवू शकतो. किती जण येतील याचा अंदाज बांधून महाविद्यालये उपलब्ध जागांपेक्षा जास्त प्रवेशपत्रे देतात. अंदाज जास्तीच्या बाजूने चुकला तर वर्गात बाके कमी पडतात. म्हणून बहुतेक महाविद्यालये हात आखडता घेतात आणि उरलेली भर प्रतीक्षायादीतून टाकतात. ए.ए.एम.सी.च्या संकेतांनुसार महाविद्यालयांनी १५ मार्चपर्यंत निदान वर्गाच्या आकाराइतकी प्रवेशपत्रे दिलेली असावीत. अर्जदारांनी १५ एप्रिलपर्यंत जास्तीत जास्त तीन जागा स्वतःकडे ठेवाव्यात आणि ३० एप्रिलपर्यंत एकच ठेवावी. ॲमकॅसच्या संगणकप्रणालीत अर्जदार आधी 'येण्याचा बेत' आणि नंतर 'येण्याचे वचन' अशी नोंद करतो. वचन दिल्यावर इतर ठिकाणच्या प्रतीक्षायाद्यांतून त्याने बाहेर पडणे अपेक्षित असते.

या तारखांमुळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात साखळी हलते. नामांकित महाविद्यालयातील एक जागा रिकामी झाली की तेथे प्रतीक्षेतील कोणी जातो. त्याने सोडलेली जागा दुसऱ्या महाविद्यालयात रिकामी होते आणि हा ओघ खाली खाली जात राहतो. शेवटच्या कड्यांपर्यंत तो जुलैत पोहोचतो. वर्ग सुरू होण्याच्या आठवड्यात फोन आल्याची आणि दोन दिवसांत सामान बांधून दुसऱ्या राज्यात जावे लागल्याची उदाहरणे दरवर्षी घडतात.

प्रतीक्षायाद्यांचे स्वरूप सारखे नसते. काही महाविद्यालये क्रमांक देतात आणि तो कळवतात. काही याद्यांचे वरचा, मधला व खालचा असे तीन भाग पाडतात. बहुसंख्य ठिकाणी मात्र क्रमच नसतो. जागा रिकामी झाली की त्या क्षणी वर्गात कोणत्या प्रकारचा विद्यार्थी कमी आहे ते पाहून निवड होते. अशा यादीत 'आपला नंबर कितवा' या प्रश्नाला अर्थ उरत नाही, आणि तरीही तो प्रश्न प्रवेश कार्यालयांना सर्वाधिक विचारला जातो.

या काळात अर्जदाराच्या हाती असलेली साधने मोजकी आहेत. नवे गुण, नवे काम किंवा प्रसिद्ध झालेला शोधनिबंध कळवणारे पत्र पाठवता येते. 'प्रवेश मिळाल्यास नक्की येईन' असे स्पष्ट वचन देणारे पत्रही पाठवता येते. त्याला कायद्याचे बंधन नसले तरी ते एकाच महाविद्यालयाला द्यावे असा शिष्टाचार आहे. अनेक महाविद्यालये अशी पत्रे वाचतात, काही ती स्वीकारत नसल्याचे आधीच जाहीर करतात. दर आठवड्याला पत्र पाठवण्याने लाभ होत नाही, असे प्रवेश अधिकारी सातत्याने सांगतात.

नकार आल्यास पुन्हा अर्ज करता येतो आणि मोठ्या संख्येने विद्यार्थी तसे करतात. पदवी आणि वैद्यकीय प्रवेश यांमध्ये एक किंवा अधिक वर्षांचे अंतर असणे आता सर्वसाधारण झाले आहे. नव्याने प्रवेश घेणाऱ्यांपैकी बहुतांश विद्यार्थ्यांनी असे अंतर घेतलेले असते. त्या काळात ते प्रयोगशाळेत साहाय्यक, रुग्णवाहिकेवरील कर्मचारी किंवा डॉक्टरांचे लेखनिक म्हणून काम करतात. अर्जात काहीही न बदलता लगेच पुन्हा अर्ज करणे हे मात्र सहसा व्यर्थ ठरते.

एम.डी., डी.ओ. आणि कॅरिबियन

हाती एकच प्रवेशपत्र असेल तर ते स्वीकारावे की वर्षभर थांबून अधिक चांगल्या जागेचा प्रयत्न करावा, हा प्रश्न सहसा पदवीच्या प्रकारावरून उभा राहतो. डी.ओ. म्हणजे ऑस्टिओपॅथी या शाखेची पदवी. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिची पहिली शाळा काढली. पुढे तिचा अभ्यासक्रम मुख्य वैद्यकाच्या इतका जवळ आला, की १९६२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात डी.ओ. डॉक्टरांना ६५ डॉलर भरून आपली पदवी एम.डी.मध्ये बदलून घेता आली. आज डी.ओ. डॉक्टरांना सर्व पन्नास राज्यांत वैद्यकीय व्यवसायाचे पूर्ण अधिकार आहेत आणि अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी चौथ्या भागाहून अधिक डी.ओ. महाविद्यालयांत शिकतात. २०१५ ते २०२० या काळात दोन्ही शाखांच्या रेसिडेन्सी कार्यक्रमांची मान्यता एका छत्राखाली आली. तरीही न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोग यांसारख्या चुरशीच्या क्षेत्रांत डी.ओ. पदवीधरांचे प्रमाण आजही कमी आहे आणि त्यांपैकी अनेकांना आपल्या शाखेच्या परीक्षांबरोबर यू.एस.एम.एल.ई. ही एम.डी. विद्यार्थ्यांची परीक्षाही द्यावी लागते.

तिसरा मार्ग कॅरिबियन बेटांवरील खासगी महाविद्यालयांचा. ग्रेनाडामधील सेंट जॉर्जेस विद्यापीठ १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. १९८३ मध्ये अमेरिकेने ग्रेनाडावर लष्करी चढाई केली, तेव्हा तेथील अमेरिकी वैद्यकीय विद्यार्थ्यांची सुरक्षितता हे एक कारण पुढे करण्यात आले होते. अमेरिकेत प्रवेश न मिळालेल्यांना ही महाविद्यालये जागा देतात आणि त्यांचे हजारो पदवीधर अमेरिकेत काम करत आहेत. परंतु तेथे दाखल झालेल्यांपैकी बरेच विद्यार्थी वाटेतच गळतात. उत्तीर्णांच्या टक्केवारीत ही गळती दिसत नाही. २०२४ च्या रेसिडेन्सी मॅचमध्ये अमेरिकेतील एम.डी. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना आणि डी.ओ. विद्यार्थ्यांपैकी ९२.३ टक्क्यांना जागा मिळाली. परदेशांत शिकलेल्या अमेरिकी नागरिकांत हे प्रमाण ६७ टक्के होते, तर परदेशी नागरिक असलेल्या परदेशी पदवीधरांत ५८.५ टक्के. पहिल्या दोन आकड्यांतील फरक नगण्य आहे आणि तिसऱ्याशी असलेला फरक मोठा आहे. एका वर्षाची प्रतीक्षा परवडते की नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी या अंतरात आहे.

रेसिडेन्सी आणि मॅच

रेसिडेन्सीचा कालावधी क्षेत्रानुसार बदलतो. कौटुंबिक वैद्यक, अंतर्गत वैद्यक आणि बालरोग यांसाठी तीन वर्षे, मनोविकारशास्त्र व स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्र यांसाठी चार, सामान्य शल्यचिकित्सा व अस्थिशल्यचिकित्सा यांसाठी पाच आणि न्यूरोसर्जरीसाठी सात वर्षे लागतात. हृदयरोगासारख्या उपशाखांसाठी त्यापुढे फेलोशिप असते. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयात लिबी झायन या अठरा वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाल्यानंतर थकलेल्या निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांचा प्रश्न ऐरणीवर आला. २००३ पासून देशभर आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा आहे.

रेसिडेन्सीच्या जागा १९५२ पासून 'मॅच' या पद्धतीने भरल्या जातात. तिच्या आधीची स्थिती आजच्या महाविद्यालयीन प्रवेशाची अतिशयोक्त आवृत्ती होती. चांगले विद्यार्थी आधी मिळावेत म्हणून रुग्णालये एकमेकांवर कुरघोडी करत आणि पदवीच्या दोन वर्षे आधीच इंटर्नशिपच्या जागा देऊ करत. १९४५ मध्ये महाविद्यालयांनी ठरावीक तारखेपूर्वी विद्यार्थ्यांची माहिती देण्यास नकार दिल्यावर ही शर्यत थांबली आणि दुसरी सुरू झाली. आता तारखेच्या दिवशी तार येई आणि उत्तर तत्काळ मागितले जाई. विचार करण्यासाठी आधी दहा दिवस होते, काही वर्षांतच ती मुदत तासांवर आली. अधिक आवडत्या रुग्णालयाच्या प्रतीक्षायादीवर असलेल्या विद्यार्थ्याला हातातील जागा धरावी की सोडावी हे फोनजवळ उभ्या उभ्या ठरवावे लागे.

यावर तोडगा म्हणून विद्यार्थी व रुग्णालये या दोघांनीही आपापला पसंतीक्रम एका मध्यवर्ती कार्यालयाकडे द्यावा आणि जोड्या तेथे लावाव्यात, असे ठरले. पहिल्या आराखड्यात खरा पसंतीक्रम देणाऱ्या विद्यार्थ्याचेच नुकसान होण्याचा धोका होता. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी तो दाखवून देऊन निषेध केला आणि सुधारित पद्धत स्वीकारली गेली. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी स्थिर जोड्या लावण्याविषयीचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला. मॅचची पद्धत तत्त्वतः तीच आहे आणि ती दहा वर्षे आधीपासून वापरात होती, हे अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ यांनी १९८४ मध्ये दाखवले. जुन्या पद्धतीत प्रस्ताव रुग्णालयाकडून सुरू होत; रॉथ व इलियट पेरॅन्सन यांनी तयार केलेली आणि १९९८ पासून वापरात आलेली पद्धत अर्जदाराच्या बाजूने सुरू होते. पती-पत्नी किंवा जोडीदारांना एकाच शहरात जागा मिळावी म्हणून जोडीने यादी देण्याचीही सोय आहे. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ चा अर्थशास्त्राचा नोबेल स्मृती पुरस्कार मिळाला.

मॅचचा निकाल मार्च महिन्यात येतो. त्या आठवड्याच्या सोमवारी अर्जदाराला केवळ 'जागा मिळाली' किंवा 'मिळाली नाही' एवढेच कळते. कोठे मिळाली ते शुक्रवारी समजते. न मिळालेल्यांसाठी मधल्या दिवसांत रिक्त जागांची 'सोप' नावाची फेरी होते. ती २०१२ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी या दिवसांत फोन आणि फॅक्सवरून अक्षरशः झुंबड उडे. निकाल दोन्ही पक्षांना बंधनकारक असतो. निवासी डॉक्टरांचे वेतन कृत्रिमरीत्या कमी ठेवण्यास ही पद्धत कारणीभूत असल्याचा दावा २००२ मध्ये न्यायालयात दाखल झाला होता. परंतु २००४ मध्ये अमेरिकी संसदेने एका निवृत्तिवेतनविषयक कायद्यात कलम घालून मॅचला स्पर्धाविरोधी कायद्यापासून संरक्षण दिले.

दोन्ही व्यवस्था शेजारी ठेवल्या तर फरक स्पष्ट होतो. मॅचमध्ये कोणी चार जागा अडवून ठेवू शकत नाही, म्हणून प्रतीक्षायादीच उरत नाही आणि सर्वांची प्रतीक्षा एकाच दिवशी संपते. त्याची किंमत म्हणजे अर्जदाराला निवडीचा शेवटचा शब्द उच्चारता येत नाही. महाविद्यालयीन प्रवेशात तो शब्द त्याच्याकडे राहतो, पण ज्यांच्याकडे एकाहून अधिक जागा आहेत त्यांच्यापुरताच. टेक्सासच्या सार्वजनिक महाविद्यालयांत आधी प्रवेशपत्रे आणि मग मॅच अशी संमिश्र पद्धत राज्यातील रहिवाशांसाठी वापरली जाते. देशभर तशी पद्धत आणण्याचा विचार अद्याप मूळ धरू शकलेला नाही.

भावी संधींचा अंदाज

प्रवेश स्वीकारताना अर्जदार सहसा महाविद्यालयाची 'मॅच यादी', म्हणजे तेथील विद्यार्थी कोणकोणत्या रेसिडेन्सीत गेले याची यादी, पाहतात. ही यादी दिसते तितकी बोलकी नसते. त्वचारोगात तीनच विद्यार्थी गेले, यावरून तिघांनाच ते क्षेत्र हवे होते की तिसांना, हे कळत नाही. अधिक उपयोगी प्रश्न साधे असतात. महाविद्यालयाचे स्वतःचे शिकवणारे रुग्णालय आहे का, हव्या त्या क्षेत्राचा विभाग व रेसिडेन्सी तेथे आहे का, तिसऱ्या व चौथ्या वर्षी रुग्णालयीन शिक्षणासाठी दुसऱ्या गावी जावे लागते का, आणि वर्गातील किती जण चार वर्षांत पदवीधर होतात. नव्या महाविद्यालयांत यांपैकी काही गोष्टी अद्याप उभ्या राहत असतात.

२६ जानेवारी २०२२ पासून यू.एस.एम.एल.ई.च्या पहिल्या टप्प्याचा निकाल केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा दिला जातो. एका परीक्षेच्या गुणांवर रेसिडेन्सी ठरण्याचा ताण कमी व्हावा हा त्यामागचा हेतू होता. ताण बऱ्याच अंशी दुसऱ्या टप्प्याच्या परीक्षेकडे, संशोधनाकडे आणि महाविद्यालयाच्या नावाकडे सरकला, असे दिसते. गुणांचा आधार गेल्यामुळे कमी प्रसिद्ध महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची एक शिडी काढून घेतली गेली, ही टीका म्हणूनच निराधार म्हणता येत नाही.

विशेषज्ञतेविषयीचे अंदाज तर हमखास चुकतात, कारण प्रवेश आणि मॅच यांच्यामध्ये चार वर्षे जातात. १९९० च्या दशकाच्या मध्यास भूलशास्त्राला भवितव्य नाही असा समज पसरला आणि १९९६ च्या सुमारास त्या क्षेत्राकडे वळणारे अमेरिकी पदवीधर अतिशय कमी झाले. पुढच्या दशकात तेच क्षेत्र पुन्हा चुरशीचे झाले. आपत्कालीन वैद्यकाच्या जागा अनेक वर्षे जवळपास पूर्ण भरत असत. २०२३ च्या मॅचमध्ये त्यांतील ५०० हून अधिक जागा रिकाम्या राहिल्या आणि लगेच पुढच्या वर्षी रिकाम्या जागांची संख्या पुष्कळच घटली. शिवाय विद्यार्थ्यांच्या आवडीही शिक्षणाच्या ओघात बदलतात. प्रवेशाच्या वेळी सांगितलेले क्षेत्र बहुतेकांच्या बाबतीत अखेरचे ठरत नाही.

एकंदर जागांना एक जुनी मर्यादा आहे. निवासी प्रशिक्षणाचा मोठा खर्च मेडिकेअर या संघीय विमायोजनेतून होतो आणि १९९७ च्या अर्थसंकल्पीय कायद्याने रुग्णालयांना मिळणाऱ्या या निधीतील जागांची संख्या गोठवली. त्यानंतरची पहिली लक्षणीय वाढ म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या १,००० नव्या जागा; त्याही वर्षाला २०० याप्रमाणे. रुग्णालयांनी स्वखर्चाने आणि इतर निधीतून जागा वाढवल्यामुळे २०२४ च्या मॅचमध्ये ४१,५०३ जागा उपलब्ध होत्या.

कर्जाचा प्रश्न

महाविद्यालय निवडताना शुल्क हा अनेकदा नावलौकिकापेक्षा महत्त्वाचा घटक असतो. कर्ज घेऊन शिकलेल्या पदवीधरांचे मध्यम कर्ज सुमारे २ लाख डॉलर असते. रेसिडेन्सीतील वेतन पुढील पूर्ण डॉक्टरच्या उत्पन्नाच्या मानाने अल्प असल्याने या काळात व्याज साचत जाते. २००७ मध्ये सुरू झालेल्या सार्वजनिक-सेवा कर्जमाफी योजनेनुसार सरकारी किंवा ना-नफा संस्थेत काम करत १२० मासिक हप्ते भरल्यावर उरलेले संघीय कर्ज माफ होते, आणि बहुतांश शिक्षण-रुग्णालये ना-नफा असल्यामुळे रेसिडेन्सीची वर्षेही त्यात धरता येतात. २०१८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाने आपल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क रद्द केले. २०२४ मध्ये रूथ गॉट्समन यांच्या १ अब्ज डॉलरच्या देणगीमुळे ब्राँक्समधील अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयानेही तेच केले.

जुलै २०२५ मधील कायद्याने चित्र पुन्हा बदलले. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी 'ग्रॅड प्लस' हे शिक्षणाचा संपूर्ण खर्च भागवणारे संघीय कर्ज बंद होत असून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरची मर्यादा आली आहे. महागड्या खासगी महाविद्यालयाचे प्रवेशपत्र हाती असलेल्यांना उरलेली रक्कम खासगी कर्जातून उभारावी लागेल. त्या कर्जाला सार्वजनिक-सेवा माफी लागू होत नाही.

भारतीय व मराठी विद्यार्थी

महाराष्ट्रातून अमेरिकेच्या एम.डी. अभ्यासक्रमात थेट प्रवेश घेणे अत्यंत दुर्मीळ आहे. अनेक सार्वजनिक महाविद्यालये परदेशी नागरिकांचे अर्ज घेतच नाहीत, आणि जी घेतात त्यांपैकी बहुतेकांना अमेरिकेतील महाविद्यालयात काही शिक्षण झालेले हवे असते. येथून जाणाऱ्यांचा रूढ मार्ग वेगळा आहे: भारतात एम.बी.बी.एस., मग यू.एस.एम.एल.ई., ई.सी.एफ.एम.जी. या १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे प्रमाणपत्र आणि त्यानंतर मॅच. प्रत्यक्ष रुग्णतपासणीची 'स्टेप टू सी.एस.' ही चाचणी, जी देण्यासाठी अमेरिकेस जावे लागे, २०२१ मध्ये कायमची बंद झाली. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२३ मध्ये जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची दहा वर्षांसाठी मान्यता मिळाली. बहुतेक परदेशी डॉक्टर जे-वन व्हिसावर रेसिडेन्सी करतात. त्यानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात सेवा केल्यास तिच्यातून सूट मिळू शकते. एच-वन-बी हा पर्याय देणारी रुग्णालये आधीच कमी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाल्याने तो आणखी अनिश्चित झाला.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले मात्र वर वर्णिलेल्या प्रक्रियेतूनच जातात. भारतात शिकलेल्या पालकांना ती बऱ्याचदा अनाकलनीय वाटते. नीटमध्ये एक गुणसंख्या असते, तिच्यावरून क्रमांक ठरतो आणि महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाच्या फेऱ्यांत पसंतीक्रम भरून त्या क्रमांकानुसार जागा मिळते. मुलाखत नाही, निबंध नाही. मागील वर्षीचा कट-ऑफ पाहून अंदाज बांधता येतो. तेथेही पुढच्या फेरीची वाट पाहायची की मिळालेली जागा 'स्टेटस रिटेन्शन' भरून कायम करायची हा पेच असतोच. परंतु का नाकारले याचे उत्तर निदान गुणांत सापडते. अमेरिकी महाविद्यालये नकाराचे कारण सहसा देत नाहीत. ही अनिश्चितता टाळण्यासाठी काही कुटुंबे बारावीनंतरच्या संयुक्त अभ्यासक्रमांकडे वळतात. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील महाविद्यालयात १९७१ पासून सहा वर्षांचा असा अभ्यासक्रम आहे आणि ब्राउन विद्यापीठात आठ वर्षांचा. त्यांतील जागा थोड्या आहेत आणि सतरा-अठराव्या वर्षी व्यवसाय ठरवून टाकणे, हा जो भारतीय पद्धतीचा गुण किंवा दोष मानला जातो, तो त्यांतही येतो.